पाऊण इंच

चौदा नोव्हेंबरला दुपारी आम्ही कॅम्पवर पोचलो तेव्हा छपरावर वीतभर बर्फ होता आणि धुराड्याच्या तोंडाशी कुठल्या तरी पाखराने घरटे करून ठेवले होते. रेइनो शिडी लावून वर चढायला निघाला.

"मी चढतो," मी म्हणालो.

"तू चढशील आणि वर जाऊन विचार करत बसशील. शिडी धर."

मी शिडी धरली. रेइनो माझा थोरला भाऊ. त्या वर्षी तो एक्क्याऐंशीचा होता, मी शहात्तरचा. प्रत्येक पायरीवर तो दोन्ही पाय टेकवत होता, लहान मूल जिना चढते तसा. त्याच्या बुटांच्या तळव्यांकडे बघत मी खाली उभा होतो आणि तो पडला तर त्याला झेलायचे कसे याचा खरेच विचार करत होतो. वरून घरट्याच्या काड्या माझ्या डोक्यावर पडल्या.

कॅम्प म्हणजे वडिलांनी सेडरच्या ओंडक्यांचे बांधलेले एका खोलीचे खोपटे, मागे सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि समोर रस्त्याच्या कडेला दोन मेपलच्या झाडांमध्ये आडवी बसवलेली बल्ली. मारलेली हरणे त्या बल्लीला टांगायची. खोपट्यात झोपायला नऊ फळ्या आहेत. वडील, दोन काका, चुलतभाऊ, खाणीतले दोघे मित्र असे सगळे असत तेव्हा नऊही भरत आणि मी टेबलाखाली झोपत असे. आता आम्ही दोघेच. रेइनोने दाराजवळची फळी घेतली, मी शेगडीजवळची. उरलेल्या सातांवर आम्ही पिशव्या, कंदील, बटाटे असे काहीबाही पसरून ठेवले. मोकळ्या राहिल्या की त्यांच्याकडे लक्ष जाते.

लेम्पीवहिनी जाऊन सहा वर्षे झाली. ती गेल्यावर मी गावातली खोली सोडून रेइनोच्या शेतावर राहायला आलो. गावच्या ग्रंथालयात मी एकोणचाळीस वर्षे काम केले, लग्न केले नाही. स्वयंपाक एक दिवस तो करतो, एक दिवस मी. त्याच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्यातला अजून काढायचा होता. त्याची मुलगी मार्लिस निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "काका, या वर्षी त्यांना काही मिळालं नाही तरी चालेल, पण नीट परत आणा." मी हो म्हणालो. मला कोणी काही सांगितले की मी हो म्हणतो.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर नियम वाचायचे, ही आमच्या कॅम्पची पद्धत. वडील मूळचे फिनिश, त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. पंधरा तारखेला शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी नियमांचा कागद वाचायचो आणि वडिलांना फिनिशमध्ये सांगायचो. तेव्हा तो एक घडीचा कागद होता. आता पुस्तक झाले आहे, चौऱ्याऐंशी पानांचे. वडील गेले, ऐकणारे गेले, पण वाचणे चालू राहिले. रेइनो शेगडीशी पाय लांब करून बसला. मी चष्मा पुसला.

"आपल्या विभागात माद्या मारायला याही वर्षी बंदी," मी वाचले. "दोन वर्षं बर्फ फार पडला, पाडसं मेली."

"ते मला पुस्तकानं सांगायला नको. पुढं."

"हरणांना चारा टाकायचा नाही. सफरचंद, मका, बीट काही नाही. शेजारच्या काउंटीत रोगी हरीण सापडलंय."

"पुढं."

"मारलेलं हरीण तीन दिवसांत नोंदवायचं. मुंडकं तपासणीला द्यायचं."

"मुंडकं मागतात, उद्या माझंही मागतील. पुढं."

"नराच्या किमान एका शिंगाला तीन फाटे हवेत. कमी असतील तर मारायचा नाही. मारला तर परवाना तीन वर्षं बंद."

रेइनो हसला. "तीन वर्षं! माझ्या वयाला तीन वर्षं म्हणजे कायमचाच की रे."

हा तीन फाट्यांचा नियम चार वर्षांपूर्वी आला. लहान नर वाचावेत, मोठे व्हावेत, कळप सुधारावा, हा हेतू. शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली होती, वन्यजीव खात्याच्या माणसांनी तक्ते दाखवले होते. ते चुकीचे होते असे मला वाटत नाही. लहान नर आम्ही फार मारले, हे खरेच आहे. पण फाटा कशाला म्हणायचे याबद्दल मला एक गोष्ट बोलायची होती. ती कागदावर लिहून खिशात घेऊन गेलो होतो. हात वर करायचा होता. केला नाही.

आमच्या कॅम्पवर फाटा कशाला म्हणत, तर ज्यावर अंगठी अडकते त्याला. वडिलांनी घालून दिलेली रीत. हरीण पडले की वडील बोटातली लग्नाची अंगठी काढत आणि शिंगाच्या प्रत्येक टोकावर अडकवून बघत. अडकली तर फाटा, घसरली तर नुसता गाठीसारखा उंचवटा. रेइनोच्या बोटांचे सांधे सुजल्यापासून त्याची अंगठी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात असते. पुस्तकात मात्र सव्विसाव्या पानावर लिहिले आहे की फाटा किमान एक इंच लांब हवा.

त्या संध्याकाळी मी ते वाक्य वाचले नाही. पान उलटले आणि अस्वलांच्या नियमांवर गेलो. विसरून की मुद्दाम, हे मला अजून नीट सांगता येत नाही. रेइनो अंगठीशी चाळा करत बसला होता आणि त्याच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही, एवढेच आठवते.

पंधराला पहाटे काळोख असतानाच तो लपणीत जाऊन बसला. त्याची लपण म्हणजे दलदलीच्या काठावर पडलेल्या हेमलॉकच्या खोडामागे चार फळ्यांचा आडोसा. माझी त्याच्यापासून दीडशे पावलांवर. परवाना मीही दरवर्षी काढतो. बंदूक मांडीवर असते, थर्मास पायाशी, पुस्तक कोटात. मी शेवटचा बार काढला त्याला तीस वर्षे होऊन गेली. रेइनो माझ्याबद्दल म्हणतो, "हरणं ओन्नीला ओळखतात. त्याच्याजवळ जाऊन झोपतात."

पहिला दिवस वारा उत्तरेचा होता, सरोवरावरून येणारा. बोटे आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि दुखायची थांबली की हातमोजे काढून काखेत धरावी लागतात. दोन माद्या आल्या, पाय उचलून उचलून बर्फातून गेल्या. दुसऱ्या दिवशी एक कोल्हा आला. दुपारी मी रेइनोला भाकर द्यायला गेलो तर तो बसल्या जागी झोपला होता, तोंड उघडे, मिशांवर श्वासाचा बर्फ. मी त्याला उठवले नाही. खोकलो आणि दुसरीकडे बघत उभा राहिलो.

"जागा आहे मी," तो म्हणाला.

"मला काय माहीत नाही का."

"दूरच्या गोष्टी डोळे मिटून जास्त चांगल्या ऐकू येतात."

परत येताना तो दोनदा थांबला. दुसऱ्यांदा त्याने झाडाला हात टेकला आणि रस्त्याकडे बघितले. बल्ली दिसत होती, तिच्यावर बर्फाची सरळ पट्टी बसली होती.

"काही टांगून पाच वर्षं झाली ना रे?"

"सहा," मी म्हणालो, आणि मग वाटले की पाचच म्हणायला हवे होते.

सतराला सकाळी, उजाडून अर्धा तास झाला असेल, एकच बार झाला. मी पुस्तक मिटले आणि थांबलो. दुसरा बार झाला नाही म्हणजे काम झाले. बार झाल्यावर थोडे थांबायचे असते, हरणाला निवांत पडू द्यायचे असते. मी थर्मासचे झाकण घट्ट लावले आणि मग निघालो.

रेइनो दलदलीत त्याच्या लपणीपासून ऐंशीएक पावलांवर उभा होता. टोपी काढलेली, टक्कल लालभडक. पायाशी नर पडला होता. मान जाड, छाती भरलेली, अंगावर हिवाळ्याचे राखी केस. चांगला नर होता. तो मी नीट पाहिला, कारण शिंगांकडे बघायचे मी टाळत होतो.

"धावला नाही," रेइनो म्हणाला. "उभा होता, आणि मग नव्हता."

त्याने गळ्यातली नाडी काढली. त्याची बोटे वळत नव्हती, म्हणून नाडीतून अंगठी मी सोडवून दिली. डाव्या शिंगाला दोन फाटे, ते स्पष्टच. उजव्याला टोकाचा एक, मधला एक आणि खाली डोक्याजवळ एक बारकासा. रेइनोने अंगठी त्याच्यावर ठेवली. अडकली. त्याने हात काढून घेतला, अंगठी तशीच राहिली.

"तीन," तो म्हणाला. "तुझ्याकडे अंगठी असती तर तुला मोजायला दिलं असतं."

नियमांच्या पुस्तकाच्या मागच्या पानाच्या कडेला इंचांच्या खुणा छापलेल्या असतात. मी ते कोटातून काढले. का काढले? न काढताही मला दिसत होते. तो बारका फाटा पहिल्या मोठ्या खुणेपर्यंत पोचत नव्हता. तिसऱ्या बारक्या खुणेवर संपत होता. पाऊण इंच. मी पुस्तक उलटे करून दुसऱ्या कडेने पुन्हा मोजले.

"किती?" रेइनोने विचारले.

"पाऊण."

त्याने खिशातून परवान्याचा टॅग काढला, पेन्सिल थुंकीने ओली केली, तारीख लिहिली आणि टॅग शिंगाला बांधला. दोन्ही हातांनी, दाताने गाठ आवळत. मग सुरी काढली आणि गुडघ्यांवर बसला.

"पाय धर."

मी मागचे पाय फाकवून धरले. पोटातून वाफ आली. त्याने कोपरापर्यंत हात आत घातले आणि तिथेच थोडा वेळ ठेवले, ऊब घेत. आतडी बाहेर आली, काळीज त्याने वेगळे काढून माझ्या पिशवीत ठेवले. पिशवी माझ्या मांडीला गरम लागत होती.

ओढत आणायला आम्हाला तीन तास लागले. दहा पावले ओढायचे, थांबायचे. शिंगांना बांधलेली दोरी त्याच्या खांद्यावर, मी मागून ढकलणारा. एकदा मी बर्फात तोंडावर पडलो, चष्मा हरवला, तो शोधण्यात पंधरा मिनिटे गेली. रेइनो हरणावरच बसून राहिला. त्याच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता.

"इथंच ठेवू," मी म्हणालो. "खात्याच्या वॉर्डनला फोन करू, ती येऊन बघेल. जागच्या जागी ठेवलं तर बरं दिसेल. चूक झाली म्हणून सांगू."

"बल्लीवर टांगायचाय मला."

"रेइनो, रस्त्यावरून दिसेल."

"मग? दिसायलाच टांगतात."

दोरी कप्पीवरून घेतली, दोघांनी अंग टाकून ओढली आणि नर वर गेला. तोंड खाली, शिंगे बर्फापासून हातभर. टॅग वाऱ्यात फिरत होता. पूर्वी बल्लीवर हरीण दिसले की रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी थांबायची. आजूबाजूच्या कॅम्पवरची माणसे चालत यायची. हरणाभोवती एक फेरी मारायची, मानेवरून हात फिरवायचा, मग विचारायचे, कुठं मिळाला, वारा कुठला होता, किती धावला. मग आत येऊन कॉफी. लेम्पीवहिनी दर हंगामात वेलदोड्याचा पाव करून देत असे, तो माणसांच्या गर्दीत दोन दिवसांत संपायचा. एका वर्षी बल्लीवर सात नर होते आणि आत उभे राहायला जागा नव्हती.

रेइनोने कॉफीचे मोठे भांडे शेगडीवर ठेवले. बारा कपांचे.

चारच्या सुमाराला क्लिफ ट्रेव्हॅरो आला. त्याचा कॅम्प ओढ्यापलीकडे. पाऊणशेचा आहे, पण त्याचा आवाज ओढ्याच्या त्या काठावरून आमच्या दारात येतो.

"अरे म्हाताऱ्या, बार तूच काढलास होय! मला वाटलं ओन्नीच्या हातून चुकून सुटला." त्याने फेरी मारली, मानेवरून हात फिरवला आणि खाली वाकला. वाकलेलाच राहिला. "हा खालचा फाटा..."

"पाऊण इंच," रेइनो म्हणाला.

क्लिफ सरळ झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. "खाली घे. आत्ता. तासाभरात कापून होईल. मुंडकं दलदलीत टाकू, लांडगे नेतील. कोण विचारतंय? तपासणीला नाहीच दिलं तर काय, हरीण मिळालंच नाही म्हणायचं."

"टॅगवर तारीख घातलीय."

"टॅग जाळ! अरे, त्या इंचाचा नियम कोणी केला? टेबलाशी बसणाऱ्यांनी. लांडग्यांना कोणी विचारतं का, फाटे मोजले का म्हणून? माद्या मारू नका, चारा टाकू नका, आणि आता गुडघ्यावर बसून पट्टीनं मोजा. तुझा परवाना जाईल रेइनो. पुन्हा मिळायच्या वेळेला तू असशील का?"

"टांगायला आणलाय," रेइनो म्हणाला. "लपवायला आणला असता तर एवढा लांब कशाला ओढला असता? कॉफी घेणार का?"

"नको. मी इथं आलोच नव्हतो." क्लिफ चार पावले गेला आणि वळला. "किती धावला?"

"धावलाच नाही."

"चांगला नर आहे," क्लिफ म्हणाला, आणि निघून गेला.

संध्याकाळी सौना तापवली. वरच्या फळीवर तो, खालच्या फळीवर मी. त्याच्या खांद्यावर दोरीचा जांभळा वळ उठला होता. अंगावरची कातडी आता सैल झाली आहे, वाफेत ती लोंबते. मी दगडांवर पाणी टाकले आणि वाफेचा आवाज चालू असतानाच म्हणालो,

"मी ते वाक्य गाळलं."

"काय?"

आवाज थांबला होता, आता पुन्हा म्हणावे लागले. "इंचाचं. सव्विसाव्या पानावरचं. या वर्षी वाचताना मी ते गाळलं. वाचलं असतं तर तू बार काढला नसतास. ती वॉर्डनबाई आली की मी तिला सांगतो. चूक माझी आहे."

रेइनो वरच्या फळीवर पुढे सरकला. मग वरून त्याचा पाय माझ्या खांद्यावर आला, जड आणि गरम.

"ओन्नी, चार वर्षं झाली तो नियम येऊन. याआधी दरवर्षी तू ते वाक्य वाचलंस. तू वाचताना कुठं श्वास घेतोस ते मला पाठ आहे. या वेळी गाळलंस तेव्हाच कळलं."

"मग बार का काढलास?"

"पाणी टाक."

मी पाणी टाकले.

"मला इंच दिसला नाही," तो म्हणाला. "त्या डोळ्यानं काय दिसणार? तिथं काहीतरी आहे एवढं दिसलं. आहे की नाही ते बघत थांबायला हवं होतं. तो वळेल, जवळ येईल, असं म्हणून थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. एक नर समोर होता आणि ती बल्ली सहा वर्षं रिकामी होती. एवढंच. तू तिला काही सांगू नकोस. माझ्या हरणात तुझी चूक नको."

"तिला फोन कधी करायचा?"

"उद्या दुपारी. उद्याचा दिवस त्याला टांगलेला राहू दे."

मी हो म्हणालो. नोंदवायला तीन दिवस असतात, पण नियमाबाहेरचे हरीण लगेच कळवायचे असते हे मला माहीत होते. पुस्तकात तेही होते.

अठराला रेइनोने दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला, वर शिकारीत सक्तीचे असलेले नारिंगी जाकीट, आणि बल्लीजवळ ओंडक्यावर जाऊन बसला. मी आत कप धुऊन ओळीने ठेवले. हंगामाचा चौथा दिवस, रस्त्याला वर्दळ होती म्हणायची. दहा वाजता एक ट्रक गेला, थांबला नाही. मग एक गेला. आमच्या आसपासचे बरेच कॅम्प आता लांबच्या शहरांतल्या लोकांनी घेतले आहेत. ती चांगली माणसे आहेत, पण त्यांना थांबायचे माहीत नाही. साडेअकराला एक मोठी पांढरी गाडी हळू झाली. रेइनो उठून उभा राहिला, जाकीट खाली ओढले. काच थोडी खाली आली, एक हात बाहेर आला, हातात फोन होता. त्या हाताने फोटो काढला, काच वर गेली आणि गाडी निघून गेली. रेइनो थोडा वेळ उभाच होता. मग हरणाच्या पाठीवर पडलेले बर्फाचे कण त्याने बोटांनी झटकले आणि परत बसला.

मी कॉफी घेऊन बाहेर गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. पाहुण्यांनी विचारायचे ते मी विचारावे असे मनात आले, पण मी तिथेच होतो, मला सगळे माहीत होते, आणि ते त्यालाही खोटे वाटले असते.

दोन वाजता तो म्हणाला, "जा, कर फोन."

फोन टेकडीवर गेल्याशिवाय लागत नाही. मी गाडी घेऊन गेलो. काय बोलायचे ते वाटेत तीनदा पाठ केले, तरी पलीकडून आवाज आल्यावर आधी सॉरी म्हणालो आणि मग नाव सांगितले.

वॉर्डन डार्सी लाफ्लर तासाभरात आली. तिशीची असेल, उंच, नाकाचा शेंडा थंडीने फुटलेला. ट्रकमधून उतरली ती सरळ हरणाकडे. भोवती एक फेरी मारली. हातमोजा काढून मानेवरून हात फिरवला, मग खाली बसून धातूची पट्टी लावली. दोनदा लावली. रेइनो टोपी हातात घेऊन उभा होता.

"मिस्टर पेल्टोला म्हणजे तुम्हीच?"

"हो. हा माझा भाऊ. हा फक्त वाचतो."

तिने वही काढली. "कुठं मिळाला?"

रेइनोने हात करून दाखवले. "त्या हेमलॉकच्या पलीकडे. दलदलीतून एक जुनी वाट येते."

"तुम्ही किती अंतरावर होता?"

"ऐंशी पावलं. वारा माझ्या तोंडावर होता. हळूच आला तो, दोनदा थांबला. एकदा मागं बघितलं. मला वाटतं मागं मादी असावी."

"बार लागल्यावर किती धावला?"

"धावलाच नाही." रेइनोचा आवाज वर चढला. "उभा होता तिथंच बसला. बाई, माझ्या वडिलांनी एकदा त्याच वाटेवर..." आणि तो सांगू लागला. वडिलांचा नर, काकांचा नर, बल्लीवरचे सात नर. तिच्या वहीतल्या रकान्यांत यातले काहीच बसण्यासारखे नव्हते. तिने पेन्सिल वहीवरून उचलली नाही, पण ती लिहीत नव्हती. एकदा म्हणाली, "त्यांना नारिंगी जाकिटं नव्हती ना?" आणि रेइनो म्हणाला, "लाल लोकरीचे कोट! घाण वास यायचा." ती आत आली, कॉफी घेतली, माझा दुकानातला पाव खाल्ला. मग तिने कप खाली ठेवला.

"बार काल सकाळी काढलात. आज दुपारी कळवलंत. मध्ये एक दिवस गेला. कशासाठी?"

मी तोंड उघडले. रेइनोने माझ्याकडे पाहिले.

"टांगायचा होता," तो म्हणाला.

"असंच लिहू?"

"असंच लिही, पोरी."

तिने लिहिले. मग सावकाश सांगितले. त्याने स्वतः कळवले म्हणून दंड सगळ्यात कमी लावता येईल. हरीण न्यावे लागेल. तपासणीत निरोगी निघाला तर मांस गावातल्या अन्नछत्राला जाईल. परवान्याचे मात्र तिच्या हातात काही नाही, ते न्यायाधीश ठरवतात, पण ते काय ठरवतील हे तिला सांगता येईल. तीन वर्षे.

"माहीत आहे," रेइनो म्हणाला. "हा वाचतो ना दरवर्षी."

बाहेर दोरीची गाठ गोठून दगड झाली होती. तिने सुरी काढली. "थांब," तो म्हणाला. "दोरी चांगली आहे." हातमोजे काढून त्याने गाठ दोन्ही तळव्यांत धरली आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडत राहिला. सांधे सुजलेली ती बोटे, काही केल्या नखे आत शिरत नव्हती. मी मदतीला पुढे झालो तर त्याने कोपराने ढकलले. वॉर्डनची पावती लिहून झाली होती. तरी ती ट्रकच्या बॉनेटवर वही ठेवून, आमच्याकडे पाठ करून, काहीतरी लिहीत उभी राहिली. वीस मिनिटे तरी गेली असतील. गाठ सुटली. नर आमच्या अंगावर आला, तिघांनी मिळून तो ट्रकमध्ये चढवला.

रेइनोने परवाना पाकिटातून काढून तिला दिला. ती म्हणाली, तो आत्ताच द्यायची गरज नाही, न्यायाधीशांकडून पत्र येईल. तो म्हणाला, "ने. हंगामाचे उरलेले बारा दिवस माझ्या खिशात कशाला?"

न्यायाधीशांनी तीन वर्षेच दिली. मार्लिसला हायसे वाटले, आणि ते तिने लपवले नाही. हिवाळाभर रेइनो याबद्दल बोलला नाही. डोळ्याचे ऑपरेशन झाले. बंदूक त्याने तेल लावून कपाटात ठेवली. किल्ली मला दिली, मी ती चहाच्या डब्यात ठेवली. आम्ही बटाटे लावले, काढले, लाकूड फोडले. ऑक्टोबरमध्ये सकाळी गोठलेल्या दवाने गवत पांढरे व्हायला लागले तसा तो जेवताना मध्येच थांबून खिडकीकडे बघू लागला. नवे नियमांचे पुस्तक आले ते मी दोन दिवस कोटात ठेवले.

"ओन्नी," तो एका संध्याकाळी म्हणाला, "नुसतं बसायला परवाना लागतो का?"

मी पुस्तक दोनदा वाचले. कुठे काही नव्हते. खात्री वाटेना म्हणून खात्याला पत्र लिहिले. चार ओळींचे उत्तर आले: शस्त्र जवळ नसेल तर परवाना लागत नाही, नारिंगी जाकीट मात्र घालावे.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे तो लपणीत गेला. बरोबर काहीच नव्हते, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते. शेवटी ते त्याने जाकिटाच्या बाह्यांमध्ये एकमेकांत घातले. मी त्या दिवशी कॅम्पवरच थांबलो. माझी बंदूकही मी आणली नव्हती, ते त्याला सांगितले नव्हते. दहा वाजेपर्यंत लांबून चारपाच बार ऐकू आले, कोणाचे तरी. अकराला तो परत आला. शेगडीजवळ बसला, मी त्याचे बूट ओढून काढले. पाय बर्फासारखे होते, मी ते मांडीवर घेऊन चोळले.

"दिसलं काही?"

"नर."

"मोठा?"

त्याची बुबुळे अजून लांबच्या गोष्टीवर लावलेली असावीत तशी होती.

"कान हलत होते रे त्याचे," तो म्हणाला. "एक पुढं, एक मागं. मग त्यानं खाली वाकून बर्फ चाटला. कितीतरी वेळ उभा होता. आयुष्यभर इतकी हरणं आली समोर, पण एवढा वेळ मला कधी बघताच आलं नव्हतं."

मी दुसरा पाय घेतला. थोड्या वेळाने त्याने डावा हात उचलला आणि उजव्या खांद्याचा पुढचा भाग, बंदुकीचा दस्ता टेकतो ती जागा, हळूहळू चोळायला लागला.